डमरूतला ठिपका

माझ्या माहेरी अंगणातल्या रांगोळीपेक्षा घरातल्या नकाशांना जास्त जागा लागे. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. निवृत्त झाले तरी काम सुटलं नाही. देवपुरातल्या घराच्या पुढच्या खोलीत ते बाहेरची कामं घेत. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला आणि शाईचं काम माझ्याकडे आलं. आई तोवर गेली होती आणि माझं लग्न झालं होतं, पण सासरही देवपुरातच, दोन गल्ल्या टाकून. स्वयंपाक आवरला की मी माहेरी येई, मूळ नकाशावर झिलईचं ट्रेसिंगचं कापड ताणून बसवी, त्यावर शंखजिऱ्याची पूड चोळी आणि शाईने नक्कल उतरवी. बाईमाणूस यंत्रांचे नकाशे काढते याचं शेजारणींना कौतुक होतं की कुचेष्टा करायची होती, ते मला कधी कळलं नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, त्यामुळे तोंडावर कुणी काही बोलत नसे.

नळ्यांचे नकाशे वाचायला नानांनी मला शिकवलं ते पुस्तकाने नाही. ते माझं बोट धरून नकाशातल्या रेघेवर ठेवत आणि म्हणत, "तू आता पाणी आहेस. चाल." मी बोट सरकवत जाई. वाटेत दोन त्रिकोण नाकाला नाक लावून उभे दिसले, म्हणजे डमरूसारखी आकृती दिसली, की तो व्हॉल्व्ह. डमरूवर छोटी दांडी म्हणजे हाताने फिरवायचं चाक. डमरू अर्धं काळं आणि शेजारी बाण असला तर पाणी एकाच बाजूला जाणार, परत फिरणार नाही. "अडलीस का? का अडलीस? आता कुठे जाशील?" नाना विचारत. मी चुकले की ते रागावत नसत, पुन्हा पहिल्या टाकीत नेऊन सोडत. पाणी होऊन हिंडायची मला इतकी सवय झाली होती की नवरा काही सांगत असला तरी माझं बोट पाटावर चालू असे.

माझा धाकटा भाऊ जळगावला एका तेलाच्या गिरणीत फिटर होता. नोकरी नवी होती. त्या गिरणीत सरकीचं तेल शुद्ध करायचा नवा विभाग उभा राहत होता. मधोमध एक भली मोठी बंद तोंडाची लोखंडी कढई. तिच्या पोटाभोवती दुसरं लोखंडी कवच आणि त्या दोहोंच्या मधल्या पोकळीत वाफ सोडायची. नळ्या बसवून झाल्या होत्या. दिवाळीच्या पाडव्याला दुपारच्या मुहूर्तावर पहिली वाफ सुटणार होती, आणि सोडणार होता भाऊ.

दसरा झाल्यावर तो त्या विभागाचा निळा नकाशा घेऊन धुळ्याला आला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, तसला. यंत्रवाल्यांकडून एकच प्रत आली होती, ती तेलकट हातांनी फाटायच्या आत तिची कापडावर नक्कल हवी होती. नानांना मळका कागद खपत नाही हे ठाऊक असल्यामुळे भाऊने तो आधीच ओल्या फडक्याने पुसून आणला होता. कडेला कुठे कुठे फिकट डाग होते. निळ्या नकाशांवर डाग असतातच, चहाचे, पाण्याचे. त्यांच्याकडे कोण बघतो?

नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचे अर्थ दिलेले होते. रिकामं डमरू म्हणजे व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा. डमरूच्या मधोमध ठिपका असला तर बंद ठेवायचा. मी रेघा ओढत ओढत कढईपाशी आले. कढईच्या माथ्याशी कवचातून एक नळी वर जात होती, छपराबाहेर, आणि पुढे बाण काढून सोडून दिली होती. म्हणजे उरलेली नळी दुसऱ्या नकाशात. त्या नळीवर एक डमरू, आणि डमरूत ठिपका.

माझं बोट तिथे थांबलं. मी त्या घडीला वाफ होते. खालून कवचात शिरले होते, मागून आणखी वाफ येत होती. खालची बारीक नळी थंड होऊन पाणी झालेल्या वाफेसाठी. वर जायची वाट हीच एक, आणि ती बंद. मग मी जाऊ कुठे?

"नाना, हा ठिपका मला खरा वाटत नाही," मी म्हणाले. "बाकीचे ठिपके बघा, कंपासने काढल्यासारखे गोल आहेत. हा कडेने विस्कटलाय."

नानांनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मूळ नकाशा काढताना शाई पसरली असेल. बाण कुठे जातो ते आपल्याला माहीत नाही. पुढचा नकाशा आपल्याकडे नाही. आपलं काम मक्षिकास्थाने मक्षिका."

मूळ पोथीत माशी चिरडलेली असेल तर नकलेतही तिथे माशी मारून चिकटवणाऱ्या लेखकूची ती गोष्ट लोक थट्टेने सांगतात. नाना ती धर्मासारखी पाळत. नोकरीत असताना एका कालव्याच्या नकाशातली रेघ त्यांना चुकून उमटलेली वाटली आणि त्यांनी ती गाळली होती. ती रेघ खरी निघाली. साहेबाने भर कचेरीत तो नकाशा हातात देऊन त्यांना उभं केलं होतं. तेव्हापासून समोर जे आहे ते, एवढंच.

मी ऐकायला तयार नव्हते. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हा ठिपका मी काढणार नाही. नाना चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. त्यांनी पेन उचललं, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि ठिपका स्वतः दिला. त्या अख्ख्या नकलेत तेवढी एक खूण नानांच्या हातची होती.

भाऊ नकाशा न्यायला आला तेव्हा मी त्याच्यापाशी पुन्हा तोच विषय काढला. नानांशी आम्ही शुद्ध बोलायचो, पण आई खेड्यातली, तिची अहिराणी बोली आम्हा भावंडांत उरली होती.

"भाऊ, हाऊ ठिपका माले खरा वाटत नही. कोणी कुंकू लावेल शे असा दिखस."

तो हसला. "कंपनीना नकाशा शे, ताई. तठे काय येडा लोक बठेल शेतस का?" मग माझ्या कपाळाकडे बोट करून म्हणाला, "तुले तर बठ्ठीकडे कुंकूच दिखस."

त्याचं म्हणणं असं की ती नळी काम संपल्यावर उरलेली वाफ बाहेर सोडायची असणार, म्हणून काम चालू असताना बंद. आणि दाब फार वाढलाच तर सेफ्टी व्हॉल्व्ह आहेच, तो आपोआप उडेल. तो कुठे बसवलाय, असं मी विचारलं. छपरावर, म्हणाला, ते काम दुसऱ्या टोळीने केलंय. पाडव्याला तर मुद्दाम तो उडेपर्यंतच दाब चढवायचा होता. नव्या कढईची ती परीक्षाच असते. शेठला मुहूर्तावर तो फूत्कार सगळ्या गावाला ऐकवायचा होता. मी यंत्रवाल्यांना पत्र लिहा म्हटलं तर भाऊ म्हणाला, उत्तर येईतो तुळशीचं लग्न होईल. आणि गेला.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला नानांच्या घरी पूजा मीच मांडली. त्यांची कंपासपेटी, पट्ट्या, पेनं पाटावर ठेवायची, हे आमच्या घरचं लक्ष्मीपूजन. पाटावर एक जुना निळा नकाशा अंथरला. तसले रद्दी नकाशे आमच्याकडे फडताळांत घालायलाही असत. कुंकू कालवून पेटीला लावलं, दिवा लावला आणि मी सासरी गेले.

पाडव्याला सकाळी नानांना ओवाळायला आले. आधी पूजा उचलायला घेतली. पेटी हलवली तर शेजारी कागदावर कुंकवाचा एक थेंब वाळलेला. नखाने खरवडला आणि ओल्या फडक्याने पुसला. कुंकू गेलं, पण त्याखालचा निळा रंगही गेला. तिथे एक फिकट पांढरा ठिपका उरला. कडेने विस्कटलेला.

निळ्या नकाशावर पांढरं लिहायचं असलं की नाना सोड्याच्या पाण्यात टाक बुडवून लिहीत. सोडा निळा रंग खातो हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि हळदीला चुना लावला की ती लाल होऊन कुंकू होतं, ते काय बायकांना कुणी शिकवावं लागतं? सोडा करतो तेच चुनाही करणार. एक गोष्ट नानांना माहीत, दुसरी मला माहीत, आणि दोन्ही एकाच घरात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा झाली असणार, नकाशाचीही झाली असणार, आणि भाऊने तो ओल्या फडक्याने पुसून आणला होता. म्हणजे ते डमरू मुळात रिकामं, उघडं ठेवायचं; छपराबाहेर गेलेली ती नळी छपरावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडेच जात असणार, आणि भाऊ ती बंद ठेवून वाफ सोडणार होता.

मी तो कागद नानांपुढे धरला. काही सांगावं लागलं नाही. त्यांनी तो ठिपका पाहिला आणि खुंटीवरची टोपी घेतली.

तार करावी तर गिरणीची कचेरी दिवाळीची बंद, तार उघडणार कोण? नवऱ्याला ओवाळायचं राहिलं होतं. घरी जाऊन सांगितलं तर ते ताटावरून उठून म्हणाले, "उभी का आहेस? जा." हा माणूस एरवी चपला शोधायला अर्धा तास लावायचा.

एस.टी. सुटली. नाना खिडकीशी, मांडीवर कागदाची गुंडाळी. पारोळ्यापर्यंत त्यांनी ती तीनदा उलगडून पाहिली. मला त्यांच्यावर राग यायचा आणि त्यांच्या मनगटाकडे पाहिलं की जायचा. डोळे मिटले की मी वाफ व्हायची, कवचात शिरायची, वर जायची आणि डमरूपाशी अडायची. मागून आणखी वाफ यायची. त्या कढईशेजारी भाऊ उभा असणार, याखेरीज मला दुसरं काही दिसत नव्हतं.

एरंडोलला चाक बसलं. कंडक्टर म्हणाला, सणाचा दिवस, माणूस बोलावून आणावा लागेल. उतारू झाडाखाली फराळाचे डबे उघडून बसले. मला त्या लोकांचाही राग आला, वास्तविक त्यांचा काय दोष? रस्त्यावर कपाशीची एक ट्रक आली तिच्यापुढे मी आडवी उभी राहिले. ड्रायव्हर शिव्या द्यायच्या बेतात होता. मागे नाना काठी टेकत येताना दिसले तसा तो नरमला.

"काय व्हयनं, आबा?"

"पोरगा आहे जळगावला," नाना म्हणाले. ड्रायव्हरने दार उघडलं. आम्हांला पुढे बसवून घेतलं आणि थेट गिरणीच्या दारात सोडलं.

दाराला झेंडूची तोरणं होती. आत वाजंत्री. नानांना चालवेना. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि "पळ" म्हणाले. मी भर सणाचं नऊवारी सावरत पळाले.

नव्या विभागात ही गर्दी. मधे कढई, तिच्याभोवती लोखंडी माच, माचावर भाऊ, एक हात वाफेच्या चाकावर. खाली दोरी बांधून लोकांना लांब ठेवलं होतं, लांब म्हणजे अंगणभर. कढई फुटली तर त्या दोरीने काय थांबणार होतं? पुढे शेठ, त्याच्या शेजारी त्याची म्हातारी आई पूजेचं तबक घेऊन. सगळे तिला अक्का म्हणत होते. आणि सगळ्यांच्या माना वर, छपराकडे. सगळे तो फूत्कार ऐकायला थांबले होते. घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा मला खालूनही दिसत होता. तो लाल रेघेच्या पुढे गेलेला होता. भाऊ काट्याकडे बघत होता, छपराकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, पण भीती नव्हती. आता उडेल, मग उडेल, असं चाललं होतं.

मी ओरडले. सनईत, ताशात आणि वाफेच्या सुसाट्यात माझा आवाज मलाच आला नाही. दोरीखालून शिरू पाहिलं तर एकाने दंड धरून मागे ओढलं. बायकांनी तिकडे, म्हणाला. मी कागद हलवला. भाऊने मला पाहिलं. आणि तो हसला. त्याला वाटलं, ताई मुहूर्ताला आली, उद्याच्या भाऊबीजेला आपल्याला बरोबरच घेऊन जाणार. त्याने मोकळा हात वर करून हलवला.

त्या हसण्याने माझा धीर सुटला. मी बोट कपाळाला लावलं, कुंकवावर. त्याला कळेना. पुन्हा लावलं, मग त्या वरच्या नळीकडे बोट केलं. तो तसाच बघत राहिला. मग मी पदराचं टोक धरलं आणि पाडव्याच्या दिवशी, शेदीडशे माणसांदेखत, कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. जोराने पुसलं. कपाळ मोकळं करून त्याला दाखवलं.

शेजारच्या बायका मागे सरकल्या. अक्काने माझं मनगट पकडलं. "अवं माय, सणना दिन शे! हाई काय करं तू?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. भाऊचं हसणं मावळताना मी पाहत होते. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग वर त्या नळीकडे, मग काट्याकडे. त्याला सगळं एकदम उमगलं असावं. त्याने दोन्ही हातांनी वाफेचं चाक बंद केलं आणि शिडी चढून वरच्या व्हॉल्व्हला भिडला. ते चाक घट्ट बसलं होतं. तो त्याच्यावर पोटावर पडून वळवत होता. मी देवाचं नाव घेतलं की आईचं, आठवत नाही.

मग छपरावर जे उसळलं त्याला फूत्कार म्हणता येणार नाही. पत्रे हादरले. तोरणं तुटून पडली, लोक एकमेकांवर पडत बाहेर पळाले, ताशावाला ताशा टाकून गेला. पांढरा ढग कितीतरी वेळ छपरावरून वाहत होता. काटा हळूहळू लाल रेघेच्या मागे आला. भाऊ शिडीवर तसाच बसून राहिला होता.

शेठ आधी भाऊवर ओरडला, मग माझ्यावर. तेवढ्यात नाना काठी टेकत पोचले. त्यांनी मूळ नकाशा मागवला, जमिनीवर पसरला, शेजारी आमच्या पाटावरचा कागद ठेवला आणि दोन्ही ठिपक्यांवर बोट ठेवलं. सोडा, चुना, ओलं फडकं, सगळं सांगितलं. मग कापडावरची नक्कल पुढे ओढली. "हा ठिपका माझ्या हातचा," म्हणाले. "मुलीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." खिशातून पातं काढून ते तिथेच उकिडवे बसले आणि ठिपका खरवडायला लागले. मी मनगट धरायला गेले तर त्यांनी मान हलवली. त्यांनी पुरता खरवडला, तिथे कापडाची झिलई गेली, डमरू तेवढं रिकामं राहिलं.

शेठ ती नक्कल हातात घेऊन पाहत होता. अक्का मात्र वाकून मूळ नकाशातली ती कढई बघत होती, गोल पोट, वर माथा आणि माथ्यावर ते डमरू. खंडेनवमीला नकाशाची पूजा तिनेच केली होती. यंत्र म्हणजे देवच, मग त्याला कुंकू लावायचं ते कपाळालाच लावणार ना. तिने तसंच लावलं होतं.

ती तबक घेऊन माझ्यासमोर आली. रिकामं कपाळ तिला बघवत नव्हतं. तिने अनामिका कुंकवात बुडवली, माझ्या कपाळापर्यंत आणली आणि तिथेच थांबली. बोट आपल्या डोळ्यांसमोर धरून बघत राहिली.

"हाई मन्हाच हातनं काम शे का?" तिने विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायची त्या दिवशी इच्छा नव्हती. मी नुसतं कपाळ पुढे केलं. तिचं बोट माझ्या कपाळाला टेकलं. पलीकडे भाऊ शिडीवरून खाली उतरत होता.